पापांचा लिविओ

ला बोका, ब्युनोस आयर्स
९ मार्च १९६९

लिविओ,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे.

कराकसचं पाकीट पाहून गल्ल्याशी टेकलेल्या म्हाताऱ्या साल्वातोरेनं विचारलं, “काय गं एर्सिलिया, या वयात प्रेमपत्र?” मी म्हटलं, “नाही. एक मेलेला माणूस घरच्यांची खुशाली विचारतोय.” तो हसला. कोण ते त्याला कळलं असावं, कारण पुढे काही विचारलं नाही.

वीस वर्षांनी तुला तीन गोष्टी हव्या आहेत. दुकान चालू आहे का, पापा कसे आहेत, आणि ते तुझं नाव काढतात का.

दुकान चालू आहे. ‘बोनास्सोला’ची पाटी दोनदा नव्याने रंगवली. बंदर आटलं, जहाजं दुसरीकडे लागतात, त्यामुळे सकाळचे हमाल गेले. पण रविवारी फुटबॉलचा सामना असला की आजही लोक रस्त्यापर्यंत उभ्याने पिझ्झा खातात, कोपरावर तेल ओघळवत. पापा चण्याच्या पिठाची फाइना डोक्यावर घेऊन धक्क्यावर विकत होते, ते पाहिलेली माणसं आता दोन-चारच उरली. ती येतात आणि नव्या पोरांना सांगतात, ही भट्टी तुमच्या बापांपेक्षा जुनी आहे. चाळीच्या पत्र्याच्या भिंती तशाच आहेत. नदी चढते, उतरते. मागच्या खोलीत पुराच्या रेघा अजून दिसतात. चाळीसच्या पुरात आई कमरेएवढ्या पाण्यात पिठाचं पोतं डोक्यावर धरून उभी होती, ती रेघ सगळ्यात वरची. तिचा खोकला तिथून सुरू झाला. तुला ठाऊक आहे, उगाच लिहिते.

पापांचे डोळे साखरेनं नेले. दीड वर्ष झालं, काही दिसत नाही. वरच्या खोलीत असतात. भट्टीचा वास जिन्यावरून वर जातो आणि ते ओरडतात, “कांदा करपतोय!” बहुतेक वेळा बरोबर असतात.

आता तुझं नाव. रोज काढतात. आणि तू ओ देतोस.

घाबरू नकोस, सांगते. आपल्याकडे भट्टीवर निकासिओ कोर्वालान आहे. सान्तिआगोकडचा, देशाच्या उत्तरेचा, सावळा. आपल्या पापांना असली माणसं कशी वाटायची ते तू विसरला नसशील. “काळ्याचा हात माझ्या पिठाला लागला तर पीठ फेकून देईन,” म्हणायचे. अकरा वर्षं त्यांनी निकासिओला फक्त लाकडं फोडायला आणि भांडी घासायला ठेवलं. डोळे गेल्यावर भट्टीवर कोण आहे ते त्यांना दिसेना, आणि मी सांगितलं नाही. मागच्या हिवाळ्यात निकासिओ जेवणाचं ताट वर घेऊन गेला, तर पापांनी त्याचं मनगट पकडलं. त्यावरचे भाजल्याचे डाग बोटांनी चाचपले आणि म्हणाले, “लिविओ, तुझे हात बघ काय झालेत.”

मी दारात होते. मी निकासिओला खूण केली, की गप्प राहा.

तेव्हापासून पापा रात्री ओरडत नाहीत. तर तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. तुझ्याशी त्यांचं फार बरं चाललंय.

एर्सिलिया


ला बोका
२२ जून १९६९

लिविओ,

इतकं लांब पत्र तुला लिहिता येतं हे माहीत असतं, तर मीही वीस वर्षं वाट पाहिली असती.

मी म्हाताऱ्या आंधळ्या माणसाला फसवते म्हणतोस. पापांची थट्टा चालवलीय म्हणतोस. टेलिफोनवर त्यांच्याशी बोलायचंय म्हणतोस. टेलिफोन खाली गल्ल्यापाशी आहे आणि पापा वर आहेत. त्यांना जिना उतरवायचा तर दोन माणसं लागतात. एक निकासिओ. दुसरा कोण, तू?

तुला वाटतं मी सगळं ठरवून केलं. निम्मं त्यांनीच ठरवलं. त्यांच्या डोक्यातून तुझं जाणंच पुसलं गेलंय. आईला पुरून आल्यावर त्या आठवड्यात तू भरल्या दुकानात म्हणालास, “या भट्टीनं माझी आई खाल्ली.” पापांनी पिठाच्या हातानं तुझ्या थोबाडीत मारली, आणि तू एप्रन काढून बंदरावर गेलास. हे सगळं आपल्याला आठवतं. त्यांच्या आठवणीत थोबाडीत मारल्यावर तू बाहीनं गालावरचं पीठ पुसलंस आणि परत भट्टीशी जाऊन उभा राहिलास. वीस वर्षं तिथेच आहेस.

निकासिओची बोली वेगळी, ते ओळखतील अशी मला भीती होती. एकदा तो पटकन काहीतरी बोलून गेला, तशी पापा चमकले. मग म्हणाले, “त्या सान्तिआगोच्या काळ्यांबरोबर राहून तुझीही जीभ बिघडली.” निकासिओ म्हणाला, “हो पापा.” खाली येऊन तो इतका हसला की चीज किसायचं थांबवून बसावं लागलं. मग हसता हसता गप्प झाला. त्याला बाप नव्हता कधी. म्हणजे असणार, पण त्यानं पाहिलेला नाही.

बाकी मी शिकवलं. तुझ्या हनुवटीवरची खूण कशी झाली, आई तुला काय म्हणून हाक मारायची, तू कोणत्या खिडकीतून पळून सामन्याला जायचास. निकासिओ नीट शिकला. तुझ्यापेक्षा लक्ष देऊन ऐकतो.

आता एक गोष्ट, जी तुला सांगितलीच पाहिजे.

मागच्या रविवारी पापांनी निकासिओला पलंगावर बसवून घेतलं. मला वाटलं कांद्याबद्दल बोलणार. त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, “मी तुला त्या दिवशी मारायला नको होतं. तू खरं बोलला होतास. तुझ्या आईला, कातेरीनाला मी पाण्यातून बाहेर काढायला हवं होतं, मी पोती वाचवत बसलो. लिविओ, मला माफ कर.”

निकासिओनं माझ्याकडे पाहिलं. मी काही केलं नाही. तो म्हणाला, “केलं, पापा.”

आणि पापा रडले. मी त्यांना आईच्या मातीलासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं.

ज्या माफीसाठी तू वीस वर्षं कराकसमध्ये फुरंगटून बसलास, ती मागून झालेली आहे. देऊनही झालेली आहे. आता पुन्हा मागितली जाणार नाही. म्हातारा माणूस अशी गोष्ट दोनदा करत नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी त्याला फाइनाचं पीठ शिकवलं. किती वेळ भिजवायचं, फेस कधी काढायचा, मीठ कधी. हे त्यांनी मला कधी दाखवलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले होते, “बायकांनी गल्ला सांभाळावा.”

निकासिओची फाइना आता पापांसारखी होते. साल्वातोरे खाऊन डोळे मिटतो.

एर्सिलिया


ला बोका
३० ऑक्टोबर १९६९

लिविओ,

ये की. तुला कोण अडवतंय?

जानेवारीत येणार, एकटाच येणार, बायकोला आणणार नाहीस, हॉटेलात उतरणार, सगळं कळलं. हॉटेल कशाला म्हणून विचारणार होते. मग वाटलं, तुझी खोली निकासिओला दिलीय, तेव्हा हॉटेलच बरं.

“आल्यावर सगळं स्पष्ट करीन” असं लिहितोस. कर. पापांना काय सांगायचं ते तू ठरव. मी मध्ये पडणार नाही. हा माझा शब्द.

निकासिओ अस्वस्थ आहे. परवा कणीक मळता मळता मालकिणीशी बोलायच्या अदबीनं म्हणाला, “दोन्या एर्सिलिया, खरा येतोय तर मी आता बास करतो. काहीतरी सांगा, लिविओ गावाला गेला म्हणा.”

मी म्हटलं, “लिविओ गेला असं त्यांना एकदा सांगून झालंय. दुसऱ्यांदा तू सांग, तुला जमत असेल तर.”

तो मळत राहिला. त्या दिवशीचं पीठ दगडासारखं झालं.

तू विचारतोस, “तुझं एवढं काय वाकडं केलं मी?” तू काहीच केलं नाहीस. तू बोटीत बसलास. आत्तिलिओ आठवतो का, टगबोटीवरचा मेकॅनिक? लाल मिशांचा. तू गेलास त्याच्या पुढच्या महिन्यात तो पापांकडे माझा हात मागायला आला, नवा शर्ट घालून. आम्ही रोसारिओला जाणार होतो. पापा म्हणाले, “एक गेला. आता ही गेली तर गल्ल्यावर कोण बसेल?” आत्तिलिओनं थोडा वेळ वाट पाहिली आणि तो निघून गेला. त्याला चार मुलं आहेत असं ऐकते.

हे तुला दोष द्यायला लिहिलेलं नाही. विचारलंस म्हणून.

येताना पापांसाठी काही आणू नकोस. गोड चालत नाही आणि बाकी काही त्यांना दिसत नाही.

एर्सिलिया


ला बोका
१८ जानेवारी १९७०

लिविओ,

हॉटेलात दोनदा माणूस पाठवला. तू आधीच गेला होतास. बायकोला तू काय सांगशील ते मला दिसतंच आहे: बहिणीनं कट केला, नोकरानं जागा बळकावली, बाप भ्रमिष्ट. म्हणून जे झालं ते मी लिहून ठेवते. तुझी हकिगत तुझ्यापाशी, माझी माझ्यापाशी.

तू दुपारी आलास. उकाड्यानं पत्रा तापला होता. तू पांढरा सूट घातला होतास आणि तुला इतक्या अत्तराचा वास येत होता की गल्ल्याशी उभे असलेले लोक वळून बघू लागले. तुला साल्वातोरेनं ओळखलं. “बाचीचाचा पोरगा,” तो पापांचं जुनं टोपणनाव घेऊन म्हणाला, आणि तू त्याला मिठी मारलीस. मला मारली नाहीस. बरं केलंस.

वर पापा खिडकीशी बसले होते. तू दारातच म्हणालास, “पापा.” आवाज फुटला तुझा. मी पिझ्झा घेऊन मागे उभी होते, कांद्याचा, तुला आवडायचा म्हणून केला होता. हे खरं आहे, मान किंवा मानू नकोस.

पापा म्हणाले, “कोण साहेब आलेत?”

“मी लिविओ, पापा.”

पापा हसले. वाईट हसले नाहीत, एखादं पोर चुकीच्या घरात शिरलं की हसतात तसे. “लिविओ खाली भट्टीवर आहे. तुम्हाला त्याला भेटायचंय का?”

तू गुडघ्यावर बसून त्यांचे हात धरलेस. तिथे तू चुकलास. लांबून बोलत राहिला असतास तर कदाचित. त्यांनी तुझे तळवे उलटे केले, मनगटं चाचपली, कोपरापर्यंत बोटं नेली. कुठे एक डाग नाही. कराकसमध्ये फ्रीज विकणाऱ्याचे हात, मऊ, लोण्यासारखे. पापांनी ते अगदी सावकाश तुझ्या मांडीवर परत ठेवले.

“साहेब,” ते म्हणाले, “माझ्या मुलानं वीस वर्षं आगीत हात घातलाय. तुम्ही कुणाचे?”

तू बोलत सुटलास. आईचं नाव, खिडकी, हनुवटीची खूण, थोबाडीत मारलेलं. पापांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “थोबाडीतली गोष्ट सगळ्या बोकाला माहीत आहे. भरल्या दुकानात मारली होती.” मग जिन्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, “लिविओ!”

निकासिओ वर आला. कपाळावर पीठ होतं. पापांनी त्याचा दंड धरला. “या साहेबांना सांग, तू कोण आहेस.”

त्यानं तुझ्याकडे पाहिलं. तुझ्याकडे बराच वेळ पाहिलं, हे तू मान्य करशील. मग म्हणाला, “मी लिविओ, पापा.”

तुला राग त्याचा आला. “हरामखोर काळ्या” असं तू म्हणालास, आणि त्याच क्षणी पापांचा चेहरा बदलला. त्यांनी काठी उचलली. ज्या शब्दानं त्यांनी अकरा वर्षं त्याला हाक मारली होती, तोच शब्द तू वापरलास, आणि ते म्हणाले, “माझ्या मुलाला माझ्या घरात काळा म्हणतोस?”

मग तू माझ्याकडे पाहिलंस.

एक शब्द पुरला असता. तुझ्या डोळ्यांत तेच होतं: एर्सिलिया, सांग ना. मी पिझ्झा कापत होते. पापांनीही विचारलं, “पोरी, हे कोण आहेत?”

मी म्हटलं, “कुणी नाही, पापा. पत्ता चुकलेत.”

मध्ये पडणार नाही असा शब्द दिला होता आणि तो मोडला, असं तू म्हणशील. हो, मोडला.

पापा शांत झाले. काठी खाली ठेवली. मग म्हणाले, “उन्हातून आलेत. त्यांना एक तुकडा कागदात बांधून दे. पैसे घेऊ नकोस.”

मी बांधून दिला. तू घेतलासही. कसा काय घेतलास ते मला अजून कळत नाही. तो कागद हातात घेऊन पांढऱ्या सुटात तू सुआरेस रस्त्यानं चालत गेलास, सूटभर तेल, आणि दारातले लोक बघत राहिले.

निकासिओनं त्या दिवशी पुन्हा भट्टी पेटवली नाही. मी विचारलं, का बोललास तसं. म्हणाला, “त्यांचा हात माझ्या दंडावर थरथरत होता, दोन्या.” जणू ते कारण झालं.

एर्सिलिया


ला बोका
११ सप्टेंबर १९७०

लिविओ,

तुझ्या वकिलाचे दुकानविक्रीचे कागद आले. निम्मं तुझं आहे, त्यात वाद नाही. सही करून पाठवते आहे. घेणारा फरशा विकणारा आहे. भट्टी ठेवणार नाही, त्याला मोकळी जागा हवी. मंगळवारी माणसं येऊन तोंडाकडच्या विटा काढून गेली. चव्वेचाळीस वर्षांची काजळी, सगळी पत्र्याची चाळ काळी झाली. शेजारणी शिव्या देत वाळत घातलेले कपडे काढत होत्या. साल्वातोरे एक वीट मागायला आला. मी दिली नाही. का दिली नाही, माहीत नाही.

पापा गेल्याची तार तुला मातीनंतर मिळाली. “तार उशिरा का?” असं वकिलाच्या पत्रात खाली तुझ्या हातानं लिहिलंयस. तार उशिरा झाली नाही. मी उशिरा केली. निकासिओ जाताना म्हणाला, “दोन्या, त्यांना खरं लिहा, नाहीतर मी कुणाकडून तरी लिहून घेईन.” त्यानं धमकी दिली म्हणून मी लिहीत नाहीये. तुला कळावं अशी माझीच इच्छा आहे. कळून तू काय करशील? तिथे बसून राहशील. बस.

ऑगस्टच्या थंडीत पापांच्या छातीत पाणी झालं. शेवटच्या दिवसांत शुद्ध येत होती, जात होती. एका सकाळी निकासिओनं नेहमीप्रमाणे त्यांचा हात हातात घेतला, तर त्यांनी काढून घेतला.

“त्या साहेबांना बोलवा,” म्हणाले.

“कोणते साहेब, पापा?” निकासिओनं विचारलं.

“उन्हातून आले होते ते. मऊ हातांचे.” श्वास घेऊन पुन्हा म्हणाले, “तो रडत होता ना? आवाज न करता. नाकातून श्वास ओढून. कातेरीना तशी रडायची. ते तेव्हा माझ्या कानात शिरलं नाही. बोलवा त्याला.”

निकासिओ म्हणाला, “पापा, मी लिविओ, मी इथे आहे.”

पापा त्याला काय म्हणाले ते लिहिते, कारण त्यालाही ते ऐकावं लागलं. म्हणाले, “तू चांगला आहेस. पण तू जा.”

तो जिना उतरून खाली गेला आणि पिठाच्या पोत्यांपाशी बसला. गिऱ्हाईक पिझ्झा मागत होतं, तो उठला नाही. आता तो नदीपलीकडे, आवेल्यानेदात कुणाच्या तरी भट्टीवर आहे. तिथे त्याला पुन्हा निकासिओ म्हणतात. जाताना त्यानं पापांचा एप्रन मागितला. तो मात्र मी दिला.

पापा तुला मागत राहिले. दर वेळी शुद्ध आली की, “आला का?” आणि मी म्हणायचे, “येतोय, पापा.” खाली टेलिफोन होता. कराकसचा नंबर तुझ्या पत्रांवर छापलेला आहे, वर कोपऱ्यात, निळ्या अक्षरांत. मी जिना उतरत होते, चढत होते, त्यांना पाणी आणत होते. टेलिफोनच्या शेजारून.

तू विमानानं आला असतास. पोचला असतास. हे तुला समजावं.

शेवटी मला वाटलं, आता पुरे, शांत जाऊ देत. मी पलंगाशी बसले आणि माझा हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी चाचपला. माझे हात तू पाहिलेस का कधी? गल्ल्यावर बसणारीचे हात. आगीचे डाग नाहीत, फार मऊही नाहीत. नाण्यांनी बोटांची टोकं काळी झालेली. त्यांना तो हात कुणाचा ते लागेना. “कोण?” म्हणाले.

मी म्हटलं, “मी आहे, पापा. एर्सिलिया. मी इथेच आहे.”

त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, “मग कुणाला तरी बोलाव.”

त्यानंतर ते बोलले नाहीत.

सही तीन ठिकाणी केली आहे. कमी असली तर वकिलाला कळवायला सांग.

एर्सिलिया बोत्सानो